कुत्र्याला आपले मन कळते

धार-देवासकडे पुष्कळ शेतांवर राखणीला कुत्रा असतो. धन्याचा राग वा भीती तो चेहऱ्यावरून, आवाजावरून आणि वासावरूनही ओळखतो. बेलफास्टच्या शास्त्रज्ञांनी ३६ माणसांना तोंडी गणिते घालून ताण दिला व त्याआधीचा आणि नंतरचा घाम-श्वास चार कुत्र्यांना हुंगविला. ताणाचा वास त्यांनी शंभरात सुमारे ९४ वेळा अचूक ओळखला (२०२२).

म्हणून रागाच्या भरात कुत्र्याला शिकवू नये. तो शिकत नाही, भितो. शेपूट पायांत, कान मागे, अंग चोरलेले असे कुत्रे दिसले, तर मुलांना जवळ जाऊ देऊ नये. भ्यालेले कुत्रे चावते.

चावलेच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी. हळद-मिरची भरू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी.