छायाचित्रास शाई कोणती व कागद कोणता?

घरच्या प्रिंटरवर छायाचित्र छापून घेणें आतां सोपें झालें आहे. परंतु आजीआजोबांचें चित्र हौसेनें छापून भिंतीवर लावावें आणि थोड्याच काळांत त्यांचे चेहरे तांबूस व फिकट व्हावे, असें पुष्कळदां घडतें. यांत दोष यंत्राचा क्वचितच असतो. बहुधा शाई व कागद यांची जोडी विजोड असते. ती कशी जुळवावी, हें पाहूं.

प्रथम शाई. तिचे मुख्य प्रकार दोन. ‘डाय’ शाईंत रंग पाण्यांतील साखरेप्रमाणें पूर्ण विरघळलेला असतो. ती स्वस्त व तेजस्वी असते. पण तिचे सुटे रेणू प्रकाश व हवा यांस लवकर बळी पडतात. ‘पिग्मेंट’ शाईंत रंगाचे न विरघळणारे कण तरंगत असतात. असा कण एका मिलिमीटरच्या सुमारें दहा हजाराव्या भागाएवढा असला, तरी त्यांत पुष्कळ रेणू एकत्र असतात. बाहेरचे रेणू झिजले तरी आंतले शाबूत राहतात. म्हणून ही शाई महाग असली तरी अधिक टिकते.

आतां कागद. दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाच्या साध्या कागदावर शाई तंतूंतून पसरते व चित्र मळकट दिसतें. म्हणून छायाचित्राच्या कागदावर निराळा थर दिलेला असतो. एक थर जिलेटिनसारखा फुगून रंगास पोटांत घेतो. तो हवेपासून रंगाचें रक्षण करतो, पण सावकाश वाळतो व दमटपणा त्यास सोसत नाहीं. कोंकणच्या पावसाळ्यांत तो उपयोगाचा नाहीं. दुसरा थर सूक्ष्म छिद्रांचा. त्यावर शाई तत्काळ सुकते, पण त्याच छिद्रांतून हवाहि आंत शिरते.

याचें प्रसिद्ध उदाहरण २००० सालचें. त्या वर्षीं एप्सन कंपनीच्या ‘स्टायलस फोटो ८७०’ या प्रिंटरवर डाय शाईनें चकचकीत कागदावर छापलेलीं कांहीं चित्रें थोड्याच आठवड्यांत नारिंगी झालीं. हवेंतील ओझोन वायूनें निळसर ‘सायन’ रंग नष्ट केला व तांबडा आणि पिवळा तेवढे उरले. कांचेआड ठेवलेल्या चित्रांस मात्र हा धोका कमी होता.

कागदाची जातहि पाहावी. वर्तमानपत्र पिवळें पडतें तें लाकडांतील लिग्निनमुळें. अतिशुभ्र कागदांत चमक आणणारीं द्रव्यें असतात. त्यांचा गुण ओसरला कीं कागद पिवळट दिसूं लागतो.

तेव्हां नियम असा: शाळेच्या प्रदर्शनासाठीं डाय शाई व चकचकीत कागद पुरे, पण जें चित्र नातवंडांनीं पाहावें असें वाटतें, त्यास पिग्मेंट शाई व आम्लरहित, कापसाचा कागद घ्यावा. चित्र एक दिवस वाळूं द्यावें. मग चौकटींत कांचेस न चिकटेल असें बसवावें, आणि उन्हाची किंवा ओलीची भिंत टाळावी.

विद्यार्थ्यांनीं स्वतः प्रयोग करावा. एक रंगीत पट्टी छापून अर्धी जाड पुठ्ठ्यानें झांकावी व महिनाभर उन्हाच्या खिडकींत ठेवावी. नंतर पुठ्ठा काढून दोन्ही भाग शेजारीं पाहावे. आपली शाई किती भरंवशाची, हें दुकानदारास विचारावें लागणार नाहीं.