दरबार आणि देऊळ : ना. वा. टिळक वाचताना

मंडळाच्या अभ्यासवर्गात या महिन्यात मला रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर बोलायचं होतं. ‘फुलामुलांचे कवी’ एवढंच लिहून मोकळं होता आलं असतं. पण वाचताना त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांपाशी मी अडकले. त्याला कारण घरचं आहे.

माझ्या आत्याचा घटस्फोट झाला. त्यानंतर चर्चमध्ये तिच्याकडे बघून कुजबूज सुरू झाली, आणि तिने मिस्साला येणं बंद केलं. तिच्यासाठी म्हणून रागाने मीही तीन-चार महिने गेले नाही. पण आत्याची रोजची जपमाळ काही चुकली नाही. मी विचारलं, तर म्हणाली, “अगं, मी माणसांवर रुसलेय, येशूवर नाही.” मग प्रश्न पडला : असं वेगळं करता येतं का?

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या चित्पावन ब्राह्मण घरातला. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो पाच वर्षांनी, १९०० मध्ये, स्वतःच्या मनाला पटल्यावर. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना हे ठाऊक आहेच. नवऱ्याच्या मागून केवळ ओढल्या गेल्या असत्या, तर ते पुस्तक तसं उतरलं नसतं.

पुढे टिळकांनी अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये बरीच वर्षं काम केलं, ‘ज्ञानोदय’मधून लिहिलं. पण त्यांना एक गोष्ट सलत राहिली. ख्रिस्ती झालेला माणूस मिशनच्या पगारावर, मिशनच्या पद्धतीने जगायला लागतो आणि आपल्याच लोकांना परका होतो. त्यांना ख्रिस्त हवा होता तो इथल्या मातीतला, अभंगातून आणि कीर्तनातून भेटणारा. तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते मानत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा होती. अट एकच : ख्रिस्ताचं शिष्य व्हायचं.

इथे माझ्यासारख्या कॅथलिक मुलीला जरा थांबावं लागतं. आमच्याकडे कम्युनियन एकट्याने घरी बसून होत नाही. त्याला वेदी लागते, फादर लागतात, शेजारी गुडघे टेकलेली माणसं लागतात. त्यातली काही कुजबुजणारी असली तरी! टिळक प्रॉटेस्टंट होते. त्यांची वाट जशीच्या तशी माझी होऊ शकत नाही.

पण नीट पाहिलं तर टिळकांनी नोकरी सोडली, ख्रिस्ती बंधुभगिनी सोडले नाहीत. दरबार म्हणजे तरी काय? माणसं जमण्याची जागाच. एकट्याच्या भक्तीलाही त्यांना सोबत हवी होती. आपले वारकरी तरी पंढरीला एकटे कुठे जातात? दिंडीतून जातात.

१९१९ मध्ये टिळक वारले. त्यांच्यामागे दरबार फार वाढला नाही. अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. आणि त्यांची भजनं? ती टिकली मराठी चर्चच्या उपासनेत, गीतांच्या पुस्तकात, रविवारी पेटीच्या साथीने गाणाऱ्यांच्या तोंडी. ज्या चौकटीत त्यांचा जीव गुदमरला, तिच्याच आजूबाजूच्या माणसांनी त्यांचे शब्द शंभर वर्षं सांभाळले. हे वाचलं आणि माझा राग थोडा खाली बसला.

थोडाच. कारण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे : टिळक बाहेर पडायला तयार नसते, तर सांभाळण्याजोगं काही कमीच उरलं असतं. संस्था जपते, पण तिच्यात जीव ओततो तो एखादा अस्वस्थ माणूस. आत्यासारखी माणसं दाराबाहेर राहिली, तर नुकसान तिचं जेवढं, तेवढंच आतल्यांचं.

मी आता पुन्हा मिस्साला जाते. आत्या नाही येत, आणि मी तिला आग्रह करत नाही. रविवारी परत आले की तिच्या घरी जाते. ती चहा टाकते, मग आम्ही दोघी मिळून त्या दिवसाचं शुभवर्तमान वाचतो. दोघींचाच दरबार.

अभ्यासवर्गासाठी दोन प्रश्न ठेवते.
१. ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंची श्रद्धा टिळकांच्या श्रद्धेहून कुठे वेगळी दिसते?
२. तुमच्या घरात देवळाबाहेर राहिलेलं, पण देवाला न सोडलेलं कोणी आहे का? आपण त्यांच्याकडे कधी जातो?