बुरशीनाशक आणि कोवळे मूळ

जमिनीत पडलेल्या बियाण्याची पहिली झुंज बुरशीशी असते. ओलसर मातीतील रायझोक्टोनियासारखी बुरशी कोवळ्या रोपाच्या बुडाशी शिरते. रोप तेथे सडते व कोलमडते. हे टाळण्यासाठी पेरणीपूर्वी बियाण्यास बुरशीनाशक चोळतात. या कृतीस बीजप्रक्रिया असे म्हणतात. मात्र बुरशीला मारणाऱ्या औषधाची मात्रा वाढली, तर रोपाच्या पेशींनाही त्याची झळ पोहोचते.

मुळाच्या टोकाशी पेशींचे विभाजन सतत चालू असते. त्यामुळेच मूळ लांब वाढते. विभाजनाच्या वेळी सूक्ष्म तंतूंचा तर्कू तयार होतो आणि तो गुणसूत्रांना पेशीच्या दोन टोकांकडे ओढून नेतो. कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक बुरशीच्या पेशीत असे तंतू घडूच देत नाही. वनस्पतीच्या पेशींतील तंतू या औषधाला सहजासहजी बळी पडत नाहीत. परंतु मात्रा अधिक झाल्यास त्यांचेही कार्य बिघडते.

हा परिणाम पाहण्यासाठी शास्त्रज्ञ कांद्याचा उपयोग करतात. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात व ती मोठी असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. १९३८ साली स्वीडनमधील आल्बर्ट लेव्हान यांनी कोल्चिसिन या द्रव्याचा कांद्याच्या मुळांवरील परिणाम अभ्यासला. आपल्याकडील कळलावीच्या कंदातही हे द्रव्य असते. पुढे हीच पद्धत अनेक रसायनांच्या परीक्षेसाठी रूढ झाली. एका कांद्याचे बूड साध्या पाण्यात व इतरांची बुडे औषधाच्या कमी-अधिक तीव्र द्रावणांत ठेवतात. काही दिवसांनी मुळे मोजली असता, तीव्र द्रावणातील मुळे आखूड आढळतात. त्यांत विभाजन पावणाऱ्या पेशी थोड्या असतात आणि काही गुणसूत्रे मध्येच रेंगाळलेली दिसतात.

मूळ खुंटले की रोपाला पाणी व क्षार अपुरे पडतात आणि रोप खुरटे राहते. म्हणजे ज्या रोपाच्या रक्षणासाठी औषध वापरले, त्याचीच हानी होते. पुष्कळशा भुकटी औषधांचे प्रमाण एक किलो बियाण्यास दोन-तीन ग्रॅम एवढेच असते. म्हणून वेष्टनावरील सूचना वाचावी, औषध अंदाजाने न घेता तोलून घ्यावे, हातमोजे घालावेत आणि प्रक्रिया केलेले बियाणे माणसांच्या वा जनावरांच्या खाण्यात येऊ देऊ नये.

स्वाध्याय
१. प्रयोगात एक कांदा साध्या पाण्यात का ठेवतात?
२. ‘औषध जास्त तर गुण जास्त’ हा समज चुकीचा का आहे, ते पाठाच्या आधारे लिहा.