मेंदूतील उष्णतेवर नजर ठेवणारी शस्त्रक्रिया

मेंदूची शस्त्रक्रिया म्हटले की घरातील मंडळींच्या पोटात गोळा उठतो. कवटी उघडण्याच्या भयाने आवश्यक उपचारही लांबणीवर पडतात. म्हणून, कवटीला काही मिलिमीटरांचेच छिद्र पाडून होणाऱ्या लेसर-शस्त्रक्रियेची ओळख आम्ही येथे करून देत आहो.

लेसर म्हणजे एकाच तरंगलांबीचा प्रखर प्रकाश. पहिला लेसर अमेरिकेत मायमन ह्या शास्त्रज्ञाने १९६० साली चालविला. ह्या उपचारात रुग्णास भूल देतात, आणि चित्रांवरून आधी आखलेल्या मार्गाने एक बारीक प्रकाशतंतू रोगट भागात नेतात. तेथे प्रकाश शोषला जाऊन पेशी तापतात. तपमान सुमारे ६० अंश सेल्सिअस झाले की पेशींतील प्रथिने, उकडलेल्या अंड्यातील पांढऱ्या भागाप्रमाणे, घट्ट होतात व पेशी मरतात.

परंतु झाकलेल्या भांड्यातील दूध केव्हा उतू जाईल हे जसे बाहेरून दिसत नाही, तशीच बंद कवटीतील उष्णता. ती निरोगी भागात पसरली तर? येथे एम.आर.आय. यंत्र कामी येते. चुंबकीय क्षेत्रात पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांची एक ठरावीक कंपनसंख्या असते. तपमान एक अंशाने वाढले की ती दहा कोटींत सुमारे एक भाग इतकी घटते. पाण्याचा हा गुण हिंडमन ह्यांनी १९६६ साली नोंदविला, आणि १९९५ साली इशिहारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून तपमानाची चित्रे काढण्याची रीत मांडली. आता दर काही सेकंदांनी उष्णतेचा नवा नकाशा पडद्यावर येतो. नाजूक जागी ठरवून दिलेली मर्यादा ओलांडली गेल्यास लेसर आपोआप बंद होईल, अशी योजनाही असते. ह्या उपचाराचे खरे बळ किरणापेक्षा ह्या पाहण्यात आहे.

औषधांना न जुमानणाऱ्या काही प्रकारच्या अपस्मारात (फेफऱ्यात) ह्याचा उपयोग होतो. अमेरिकेतील अनेक रुग्णालयांतील २३४ रुग्णांचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्या सर्वांचा विकार कानशिलाजवळील मेंदूच्या भागातील होता. उपचारानंतर त्यांपैकी सुमारे ५८ टक्के रुग्ण त्रासदायक झटक्यांपासून मुक्त झाले. उघड्या शस्त्रक्रियेत यशाची शक्यता सामान्यतः काहीशी अधिक मानतात. मात्र लेसरनंतर वेदना कमी होतात आणि पुष्कळ रुग्ण एकदोन दिवसांत घरी जातात.

तथापि हा उपचार सर्वांसाठी नव्हे. मोठ्या गाठींस तो सहसा चालत नाही. रक्तस्राव, सूज, दृष्टिक्षेत्रात उणीव हे धोके आहेतच. तपमानाचे आकडे चुकून अधिक ऊती तापण्याचा संभव असल्याचा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली दिला होता.

तेव्हा केवळ छिद्र लहान म्हणून हुरळून जाऊ नये, आणि केवळ मेंदूचे नाव ऐकून माघारही घेऊ नये. आमच्या रुग्णाच्या मेंदूतील दोष नेमका कोठे आहे, तो ह्या रीतीने पुरता निघेल काय, आणि न निघाल्यास पुढे काय, हे तीन प्रश्न कुटुंबीयांनी तज्ज्ञांस निःसंकोच विचारावेत. उत्तरे समजून घेऊन केलेला निर्णयच रुग्णाच्या हिताचा ठरतो.