मुक्कामी गाडीचा हिशेब

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर पहिली एस.टी. धावली. पुढे रस्ते परिवहन महामंडळ अधिनियम, १९५० अन्वये अशा महामंडळांवर एकाच वेळी दोन जबाबदाऱ्या आल्या : कलम १८ प्रमाणे जनतेला पुरेशी, कार्यक्षम व काटकसरीची वाहतूकसेवा पुरविणे आणि कलम २२ प्रमाणे व्यावसायिक तत्त्वांवर कारभार करणे. या दोन कलमांतील ओढाताण मुक्कामी गाडीत जितकी स्पष्ट दिसते, तितकी अन्यत्र क्वचितच दिसेल.

सायंकाळी तालुक्याहून निघून आडगावी रात्रीचा मुक्काम करणारी व सकाळी परतणारी ती ही गाडी. फेरीची परीक्षा बव्हंशी भारमानावर, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी किती भरली यावर होते. उदाहरणादाखल ४४ आसनांची गाडी घेऊ. सायंकाळी ११ प्रवासी, म्हणजे भारमान २५ टक्के. सकाळी ४४ विद्यार्थी, म्हणजे १०० टक्के. केवळ सायंकाळची फेरी पाहिली तर ती बंद करावीशी वाटेल. पण मग सकाळी गाडी गावात असणार कोठून? तेव्हा दोन्ही फेऱ्या मिळून येणारे ६२.५ टक्के हेच तिचे खरे भारमान.

पैशाचा हिशेब मात्र निराळा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत असते. त्यामुळे ४४ विद्यार्थ्यांकडून जेमतेम १५ पूर्ण तिकिटांइतकी रक्कम येते. सायंकाळचे ११ धरून ८८ आसनांच्या मानाने हे उत्पन्न सुमारे २९ टक्केच. गाडी भरलेली आणि गल्ला रिकामा! ही तूट आगाराची अकार्यक्षमता नव्हे. ती शासकीय धोरणाची किंमत होय. शासनाकडून येणारी तिची प्रतिपूर्ती स्वतंत्र रकान्यात दाखविली नाही, तर चांगले आगारही विनाकारण दोषी ठरते.

अर्थात, वारंवार बिघडणाऱ्या गाड्या किंवा डिझेलचा अवाजवी वापर यांना सामाजिक बांधिलकीचे पांघरूण घालता येणार नाही. सेवेचेही मोजमाप हवेच. अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत विनामूल्य पास मिळतो. पण फेरी रद्द झालेल्या दिवशी तो पास घरीच राहतो. उलट, त्या दिवशी डिझेल वाचल्याने तोटा कमी झालेला दिसतो! म्हणून मुक्कामी गाड्यांच्या रद्द व उशिरा सुटलेल्या फेऱ्यांची नोंद गावनिहाय आणि शाळेच्या दिवसांनुसार वेगळी ठेवावयास हवी, व आगाराचे मूल्यमापन करताना ती उत्पन्नाच्या आकड्याशेजारीच मांडावयास हवी.