किनारा मातीत कसा उतरतो?

‘निसर्गाकडून स्फूर्ती घ्या’ हा उपदेश आपण कलाशिक्षणाच्या पहिल्या वर्षापासून ऐकत आलो आहोत. परंतु स्फूर्ती घ्यायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मला एका फुटलेल्या वाडग्याने शिकवले.

कोकणच्या सहलीहून येताना मी पिशवीभर शिंपले आणले. काहींचा भरड चुरा करून मातीत मळला, काही अखंडच वाडग्याच्या काठावर बसवले. समुद्राच्या वस्तू घातल्या की समुद्र भांड्यात येणारच, अशी माझी समजूत! सुमारे १००० अंश सेल्सिअसला भाजलेला वाडगा भट्टीतून सुरेख निघाला. वार्षिक प्रदर्शनासाठी तो कपाटात जपून ठेवला. आठ दिवसांनी पाहतो तो अंगभर पांढरे ठिपके, जागोजागी टवके उडालेले आणि काठ तडकलेला! प्रदर्शनातील माझी जागा रिकामीच राहिली.

कारण साधे होते. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीच्या उष्णतेने त्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. हा चुना हवेतील ओलावा शोषून फुगतो आणि भोवतालच्या भाजलेल्या मातीला आतून फोडतो. किनारपट्टीवर बांधकामासाठी शिंपले भाजून चुना करीत, हे मी ऐकले होते. पण ऐकलेले ज्ञान हातापर्यंत पोहोचले नव्हते. म्हणून नवशिक्यांना एक सूचना : शिंपल्याचा ठसा ओल्या मातीवर खुशाल घ्यावा, शिंपला मात्र भाजण्यापूर्वी काढून टाकावा. किनाऱ्यावरची वाळू मातीत घालायची असेल, तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगार टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर तीत शिंपल्याचा अंश आहे असे समजावे.

मग समुद्र भांड्यात आणायचा कसा? याचे एक उत्तर फार जुने आहे. इ. स. पू. १५०० च्या सुमारास क्रीट बेटावरील कुंभार भांड्यांवर सागरी जीव रंगवीत. तेथे पॅलेकास्ट्रो येथे सापडलेल्या एका चंबूवर ऑक्टोपस आहे. हा चंबू आज हेराक्लिऑनच्या संग्रहालयात आहे. त्या ऑक्टोपसचे बाहू चंबूच्या गोलाईबरोबर वळतात, पोटाला चहूकडून वेढतात. मधल्या जागेत शेवाळ आणि खडक तरंगतात. भांड्याचा फुगीर आकार आणि प्राण्याची हालचाल यांचा असा मेळ बसला आहे, की चंबू पाण्याने भरलेला नसून पाण्यातच बुडालेला वाटावा. त्या कलावंताने समुद्राची वस्तू घेतली नाही, त्याची गती घेतली.

हीच दृष्टी ठेवून मी पुन्हा किनाऱ्यावर गेलो, या वेळी पिशवीऐवजी वही घेऊन. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर वळ्या उमटलेल्या असतात. पाणी हलते, वाळू मऊ असते, म्हणून हालचालीची खूण मागे राहते. कुंभाराच्या चाकावर तरी दुसरे काय घडते?

परतल्यावर भांडे चाकावर घडवले. ते थोडे कडक झाल्यावर त्यावर पांढऱ्या मातीचे साईसारखे पातळ कालवण लावले आणि ते ओले असतानाच, चाक सावकाश फिरवीत, त्यातून तीन बोटे एकदाच ओढली. खालची तांबडी माती वळ्यावळ्यांनी उघडी झाली. दुसऱ्या भांड्यासाठी जांभ्या दगडाची वस्त्रगाळ पूड कालवणात मिसळली. जांभ्यात लोहाचे प्रमाण भरपूर असते. त्यामुळे हवा खेळती असलेल्या भट्टीत कोकणच्या कड्यांचा तांबूस तपकिरी रंग आपोआप आला. बोट दुसऱ्यांदा फिरवण्याचा मोह मात्र टाळावा लागतो. लाट आपली रेघ सुधारीत बसत नाही.

या भांड्यांवर एकही शिंपला नाही. तरीही एका मित्राने ते हातात घेऊन विचारले, “समुद्रावर गेला होतास काय रे?” प्रदर्शनातील त्या रिकाम्या जागेची भरपाई मला तेव्हा मिळाली.