पाण्याचें पिंप बंडीवर कसें बसवावें

वैशाख लागला म्हणजे काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूच्या पुष्कळ विहिरी तळाशीं जातात, आणि ज्यांनीं नुकतीं संत्र्याचीं कलमें लाविलीं आहेत त्यांस बंडीवर पाणी वाहून आणल्यावांचून गत्यंतर राहत नाहीं. फळावर आलेली बाग अशा पाण्यानें जगत नाहीं, कारण वाढलेल्या झाडास उन्हाळ्यांत दिवसास शंभराहून अधिक लिटर पाणी लागतें. कोवळें कलम मात्र जगवितां येतें.

बंडीवर पिंप ठेवण्यांत शिकण्यासारखें तें काय, असें कित्येक म्हणतील. आम्हीही तसेंच म्हणत असूं. परंतु काटोलकडील एका उतारावर पिंप सुटून पुढें आलें व बैलाच्या मागच्या पायावर आदळलें, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. बैल जगला, पण पुन्हा जुवाखालीं आला नाहीं, आणि मृगाच्या तोंडावर त्या शेतकऱ्याची जोडी मोडली.

प्रथम वजनाचा विचार करूं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोनशें लिटरांचें लोखंडी पिंप भरलें म्हणजे स्वतःच्या वजनासह सुमारें २२० किलो होतें. हा भार कण्याच्या नेमका वर असला तर बैलांच्या मानेवर जवळजवळ कांहींच येत नाहीं. जूं कण्यापासून ३०० सेंटिमीटर पुढें आहे असें धरा. पिंप ३० सेंटिमीटर मागें सरकलें तर जूं २२ किलोंच्या जोरानें वर उचललें जातें, व गळ्याखालचें जोतें बैलास काचूं लागतें. तितकेंच पुढें सरकलें तर तेवढाच भार मानेवर बसतो. पांचशें लिटरांच्या टाकीस हाच हिशेब पन्नास किलोंचा होतो. म्हणून पिंपाचा मध्य कण्याच्या किंचित पुढें, चार बोटें, ठेवावा. जूं वर उडण्यापेक्षां मानेवर थोडा भार असणें बरें.

आतां बांधणी. नुसता दोर आवळून पिंप स्थिर राहत नाहीं; त्यास आधीं बैठक पाहिजे. बाभळीचे दोन जाड ओंडे बंडीच्या तळावर आडवे घालून, त्यांस पिंपाच्या गोलाईप्रमाणें खोबण कोरावी व ते तळांतून आरपार बोल्टांनीं, खालीं रुंद चकती घालून, आवळावे. अशा बैठकींत पिंप बंडीच्या लांबीस अनुसरून आडवें निजवावें, व पुढें-मागें त्यास टेकून एकेक ठोकळा ठोकावा. पुढचा ठोकळा अधिक बळकट हवा, कारण उतारावर बंडी एकाएकीं थांबली म्हणजे सर्व ओढ पुढेंच येते. आमच्या मतें पिंपाच्या संपूर्ण वजनाइतकी ओढ सोसेल इतकी पुढची बांधणी असावी. वरून दोन लोखंडी पट्ट्या घालून त्या बंडीच्या मुख्य दांड्यांस अडकवाव्या. बाजूच्या खुंट्यांस कदापि नव्हे, कारण खुंटी काळ्या जमिनीच्या चाकोरींत दोन हिसक्यांनीं उपटते. पट्टी नसल्यास दोर चालेल. मात्र अंबाडीचा दोर भिजला म्हणजे आंखूड होतो व वाळला म्हणजे सैल पडतो, आणि नायलॉनचा ताणानें लांबतो. तेव्हां कांठीनें पीळ देऊन तो वाटेंत एकदां तरी पुन्हां आवळावा.

खरी मेख अर्ध्या पिंपांत आहे. कांठोकांठ भरून बूच घट्ट लाविलेलें पिंप दगडासारखें निमूट बसतें. अर्धें रिकामें झालें कीं आंतील पाणी चढावर मागें व उतारावर पुढें धांवतें, आणि बांधणी कितीही पक्की असली तरी समतोल बिघडतोच. म्हणून एक मोठी टाकी घेण्यापेक्षां दोन लहान पिंपें घ्यावीं व पहिलें पूर्ण रितें केल्यावांचून दुसऱ्याची तोटी उघडूं नये. मोठी टाकीच असेल तर आंत भोंकें पाडलेले आडवे पडदे बसवून घ्यावे; रस्त्यावरील तेल-पाण्याच्या मोठ्या टाक्यांस ते असतात. पाणी सोडतांना वरचें बूच सैल करण्यास विसरूं नये, नाहीं तर धार अडते, व पातळ पत्र्याची टाकी आंत चेपतेही.

परदेशीं घोडे वाहून नेण्याच्या गाड्यांत त्यांच्या पिण्याच्या पाण्याची टाकी असते. तेथेंही नियम हाच: टाकी चाकांच्या आंसाजवळ असावी व ती गाडीच्या सांगाड्यास बांधावी, पातळ भिंतीस नव्हे.

भारवाहू जनावरांसंबंधीं १९६५ सालच्या नियमांप्रमाणें ३७ अंशांहून अधिक उष्णतेच्या भागांत दुपारीं बारा ते तीन त्यांस कामास जुंपतां येत नाहीं. नागपूरच्या मे महिन्यांत हा पारा सकाळींच ओलांडला जातो; यास्तव पाण्याच्या खेपा पहांटेस उरकाव्या. परततांना रिकामें पिंपही बांधलेलेंच असावें. तें हलकें असल्यामुळें उसळतें अधिक, आणि त्याच्या खडखडाटानें नवा बैल बुजतो.